चर्चची भाषा: नव्यांनी समजायची कशी आणि जुन्यांनी सोपी करायची कशी

"तुमचं तारण झालंय का?" हा प्रश्न चर्चमध्ये अगदी मायेने विचारतात, पण ज्याने तारण हा शब्द आजवर फक्त कर्जाच्या कागदावर वाचलाय तो मनातल्या मनात हिशोब करायला लागतो की आपण नेमकं काय गहाण ठेवलंय. तेवढ्यात पुढून सांगतात की आता एक भगिनी साक्ष देतील, आणि याला वाटतं कोर्टात केसबिस चालू आहे की काय. मग "वचन काढा" असं ऐकू येतं. वचन देतात, पाळतात, मोडतात हे सगळं माहीत असतं, पण काढतात कुठून? आणि शेवटी "संदेश" सुरू होतो तो चांगला पाऊण तास चालतो, म्हणजे मोबाईलवर येतो तो हा नव्हे एवढं तरी एव्हाना कळलेलं असतं.

मला ही भाषा मनापासून आवडते. कितीतरी पिढ्यांनी आपलं दुःख, आनंद, भीती, उपकार सगळं याच शब्दांत देवापुढे मांडलंय, त्यामुळे हे शब्द टाकून द्या असं मी कधीच म्हणणार नाही. पण दारातून पहिल्यांदा आत आलेल्या माणसाला त्यातलं निम्मं डोक्यावरून जात असेल तर ते सोपं करून सांगायचं काम आत बसलेल्यांचं आहे, त्याचं नाही. म्हणून हा लेख दोघांसाठी लिहितोय. नवीन असाल तर पहिले तीन-चार भाग तुमच्या कामाचे, आणि लहानपणापासून चर्चमध्ये असाल तर खरं काम शेवटच्या भागांत आहे.

एवढ्या चार-पाच शब्दांवर पहिला रविवार निघतो

आमेन. हिब्रू शब्द आहे, मूळ अर्थ पक्कं, भरवशाचं, म्हणून प्रार्थनेच्या शेवटी "असंच होवो" या अर्थाने म्हणतात. म्हणजे ती दुसऱ्याच्या प्रार्थनेखाली केलेली आपली सही असते, त्यामुळे प्रार्थना पटली तर म्हणा, ऐकूच आली नसेल तर गप्प राहिलात तरी कोणी रागवत नाही. एक मजा सांगतो, येशू हा शब्द वाक्याच्या शेवटी नाही तर सुरुवातीला वापरायचा. योहानाच्या शुभवर्तमानात मराठीत "मी तुम्हाला खचीत खचीत सांगतो" असं वारंवार येतं ना, तिथे ग्रीकमध्ये चक्क "आमेन आमेन" आहे.

हालेलुया हा पण हिब्रूच, "परमेश्वराची स्तुती करा". म्हणजे तो खरं तर आजूबाजूच्यांना दिलेला हुकूम आहे, लोक मात्र आनंदाचा उद्गार म्हणून वापरतात आणि ते अगदी ठीक आहे. कॅथलिक आणि इतर काही चर्चेसमध्ये लेंटच्या म्हणजे उपवासकाळाच्या दिवसांत हा शब्द उपासनेत मुद्दाम वापरत नाहीत, ईस्टरलाच परत येतो, त्यामुळे तेव्हा तुम्ही एकटेच जोरात हालेलुया म्हणालात तर माना वळतील, घाबरू नका.

होसान्ना. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, हमखास. आज जयजयकारासारखा म्हणतात पण मूळ अर्थ "आम्हाला वाचव" असा आहे, स्तोत्र ११८ मधली आरोळी आहे ती. हे कळल्यावर त्या दिवसाच्या मिरवणुकीकडे बघायची नजरच बदलते.

प्रेज द लॉर्ड किंवा "प्रभूची स्तुती असो" हे नमस्कारासारखं असतं, उत्तरात तेच परत म्हणायचं. नुसतं हसून नमस्कार केलात तरी चालतं, हे मी खास सांगतोय कारण नवीन लोकांना याचंच जास्त टेन्शन असतं. आणि जिथे छापील पुस्तिकेतून उपासना चालते तिथे लोकांनी एकत्र म्हणायच्या ओळी बहुतेक वेळा जाड अक्षरात असतात, शेजाऱ्याच्या बोटाकडे लक्ष ठेवा, सापडतात.

ओळखीचे शब्द, पण अर्थ भलताच

गंमत म्हणजे अवघड शब्द फारसा त्रास देत नाहीत. प्रायश्चित्त, पुनरुत्थान असं काही आलं की आपण कान टवकारतो आणि विचारतो. गोंधळ होतो तो सोप्या शब्दांचा, जे आपल्याला येतात असं वाटतं. तेव्हा पहिला नियम असा की एखादं वाक्य विचित्र वाटलं तर त्यातला सगळ्यात सोपा शब्द पकडा आणि तोच विचारा.

तारण म्हणजे इथे सुटका, वाचवलं जाणं. संकटातून, पापातून, मरणाच्या भीतीतून. साक्ष म्हणजे आपल्या आयुष्यात देवाने काय केलं ते आपल्या तोंडाने सांगणं, आणि तिचा एक ठरलेला क्रम पण असतो, आधी मी कसा होतो, मग काय घडलं, आता मी कसा आहे. वचन म्हणजे बायबलचं एक वाक्य, ज्याला पुस्तकाचं नाव, अध्याय आणि ओवीचा नंबर असतो, आणि "वचन काढा" म्हणजे ते पान उघडा. संदेश म्हणजे प्रवचन. मंडळी म्हणजे चर्चमधले सगळे लोक मिळून, त्यामुळे पाळकसाहेब "माझी मंडळी" म्हणाले की ते घरच्या बाईंबद्दल बोलत नाहीयेत. सेवा म्हणजे चर्चचं कुठलंही काम, गाणं म्हणणं, खुर्च्या लावणं, मुलांना शिकवणं सगळं सेवाच. पाचारण म्हणजे हे काम तू कर असं देवाकडून आलेलं बोलावणं. आणि उद्धार हा शब्द तर बाहेर आपण कुणी कुणाला शिव्या घातल्या की वापरतो, चर्चमध्ये मात्र तो वर काढणं, सोडवणं या मूळ अर्थानेच येतो.

अभिषेकाचं थोडं सविस्तर सांगतो कारण तिथे जास्त घोटाळा होतो. "आज गाण्यात खूप अभिषेक होता" हे वाक्य ऐकून नवीन माणूस दूध-पाणी कुठे ओतलं ते शोधतो. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूच्या आधीच्या भागात, राजाला आणि याजकाला नेमताना डोक्यावर तेल ओतायचे, म्हणजे हा माणूस आता देवाच्या कामासाठी वेगळा काढला. त्यावरून पुढे पवित्र आत्म्याचं सामर्थ्य मिळणं याला अभिषेक म्हणायला लागले. आणि येशू ख्रिस्त यातलं ख्रिस्त हे आडनाव नाही बरं का, ख्रिस्त हा ग्रीक आणि मशीहा हा हिब्रू, दोन्हींचा अर्थ अभिषिक्त. हे एकदा समजलं की बायबलची अर्धी पानं सोपी होतात.

खंडणी हा असाच एक. पेपरात खंडणी म्हणजे गुंडांनी धमकावून मागितलेले पैसे. मार्क १०:४५ मध्ये येशू आपला जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून द्यायला आलाय असं वाचून कोणी दचकला तर त्यात त्याची चूक नाही. त्या काळी गुलामाला किंवा कैद्याला सोडवायला जी किंमत मोजायची तिला हा शब्द होता. मूळ ग्रीक वाचणाऱ्याला ते लगेच समजायचं कारण गुलामांचा बाजार रोजच्या बघण्यातला होता.

आणि खरी मेख इथेच आहे. आज ज्याला आपण चर्चची भाषा म्हणतो त्यातले बरेचसे शब्द एकेकाळी बाजारातले, कोर्टातले, मेंढवाड्यातले रोजचे शब्द होते. नीतिमान ठरवणं हे न्यायाधीशाचं काम, निर्दोष जाहीर करणं. सुवार्ता हा शब्द तर सरकारी थाटाचा होता, आजच्या तुर्कस्तानात प्रियेने नावाच्या गावी इ.स.पू. ९ मधला एक शिलालेख सापडलाय त्यात सम्राट ऑगस्टसच्या जन्माला सुवार्ता म्हटलंय. म्हणजे पहिल्या ख्रिस्ती लोकांनी येशूबद्दल तोच शब्द वापरला तेव्हा ऐकणाऱ्याच्या भुवया नक्की वर गेल्या असणार. नवा करार लिहिला गेला तोही विद्वानांच्या ठेवणीतल्या ग्रीकमध्ये नाही, सगळ्यांना येणाऱ्या बोलीत. आपण आज तेच शब्द इतके जपून ठेवलेत की त्यांच्यावरचा बाजाराचा आवाजच गेला, तो परत ऐकू यावा एवढीच माझी इच्छा आहे.

पदं, दिवस आणि रंग, झटपट

पास्टर म्हणजे लॅटिनमध्ये मेंढपाळ, म्हणून मराठीत पाळक, आणि म्हणूनच कळप, मेंढरं, हरवलेलं मेंढरू हे सगळं पाठोपाठ येतं. बिशप म्हणजे ग्रीकमध्ये देखरेख करणारा, डीकन म्हणजे सेवक. मिस्सा हे नाव आलंय शेवटच्या लॅटिन वाक्यावरून, "इते, मिस्सा एस्त", म्हणजे जा आता, निरोप. प्रभुभोजन, पवित्र सहभागिता, युखारिस्त ही साधारण एकाच विधीची नावं, त्यातलं युखारिस्त म्हणजे उपकारस्तुती. भाकर आणि द्राक्षारस कोणी घ्यायचा याचे नियम प्रत्येक चर्चचे वेगळे, कॅथलिक मिस्सामध्ये साधारणपणे कॅथलिकच घेतात, त्यामुळे आधी शेजाऱ्याला हळूच विचारा, नाही घेतलं तर काहीही बिघडत नाही.

आगमनकाळ म्हणजे ख्रिसमसच्या आधीचे चार रविवार. लेंट म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, मधले रविवार सोडून ४० दिवस. पेंटेकोस्ट म्हणजे ग्रीकमध्ये पन्नासावा, ईस्टर धरून पन्नासाव्या दिवशी. जांभळं कापड दिसलं तर तयारीचे किंवा पश्चात्तापाचे दिवस, पांढरं ख्रिसमस आणि ईस्टरला, लाल पेंटेकोस्टला, बाकी बराचसा काळ हिरवं. सगळ्याच चर्चमध्ये हे रंग पाळत नाहीत, नाही दिसले तर शोधत बसू नका.

प्रार्थनेत जे ऐकू येतं त्याचं काय करायचं

मोठ्याने केलेल्या प्रार्थनेची स्वतःची एक चाल असते. "हे दयाळू आणि कनवाळू पित्या" ने सुरुवात, मध्ये दर चार शब्दांनी "प्रभू" किंवा "बापा", आणि शेवटी "येशूच्या नावात मागतो". नवीन माणसाला वाटतं हा पाठ केलेला मंत्र आहे आणि आपल्याला येत नाही म्हणजे आपली प्रार्थना पोचणार नाही. पोचते. मत्तय ६ मध्ये येशूने प्रार्थना शिकवायच्या अगदी आधी सांगितलंय की उगाच शब्दांची बडबड करू नका, आणि मग जी प्रार्थना शिकवली ती सावकाश म्हटली तरी मिनिटभरात संपते. त्यामुळे पहिल्यांदा कोणी "तुम्ही प्रार्थना करा ना" म्हटलं तर दोन वाक्यं बोला, ज्याच्यासाठी बोलताय त्याचं नाव घ्या, त्याला काय हवंय ते सांगा, आमेन म्हणा. झालं.

काही वाक्यांनी मात्र अंगावर काटा येतो हे जुन्या लोकांनी लक्षात घ्या. "बापा, या कुटुंबाला येशूच्या रक्ताने झाकून टाक." ज्याला संदर्भ माहितीये त्याला या वाक्याने केवढा धीर येतो, निर्गम १२ मधली ती रात्र, दाराच्या चौकटीला लावलेलं कोकराचं रक्त, त्या घरात मरण शिरलं नाही, आणि मग वधस्तंभ. एका वाक्यात सगळा इतिहास. पण समोर ते कुटुंब पहिल्यांदाच आलेलं असेल, मांडीवर तीन वर्षांची पोरगी असेल, तर त्यांना फक्त रक्त ऐकू येतं. तिथे "प्रभू, या कुटुंबाला सांभाळ, यांच्यावर काही वाईट येऊ देऊ नकोस" एवढं म्हटलं तर प्रार्थना कमी होत नाही. नंतर ओळख वाढली की निर्गम १२ वाचा की त्यांच्याबरोबर बसून, तेव्हा ते वाक्य त्यांचंही होईल.

अग्नीचं कुंपण हे दुसरं. कोणी प्रवासाला निघालं की "बापा, गाडीभोवती अग्नीचं कुंपण घाल" अशी प्रार्थना होते आणि लहान मुलं डोळे उघडून खिडकीतून बघतात. यामागे जखऱ्या २:५ आहे, तिथे देव म्हणतो मी यरुशलेमेभोवती अग्नीची भिंत होईन. कुंपणाची गोष्ट ईयोबाच्या पहिल्याच अध्यायात आहे, आणि तिथे देवाने ईयोबाभोवती कुंपण घातलंय ही तक्रार कोण करतो तर सैतान! म्हणजे कुंपण आहे हे शत्रूलाही मान्य होतं. मुलांना हे सांगितलं की ती हसतात आणि कुंपण कायमचं लक्षात राहतं.

अन्य भाषा म्हणजे कोणालाच न कळणाऱ्या शब्दांत प्रार्थना, काही चर्चमध्ये ती सर्रास ऐकू येते, काहींमध्ये अजिबात नाही. पहिल्यांदा ऐकलं तर दचकायला होतं. १ करिंथ १४ मध्ये, म्हणजे करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पौल या प्रेषिताने यावर चक्क नियम घालून दिलेत, एका वेळी दोघं किंवा फार तर तिघं, ते पण आळीपाळीने, आणि अर्थ सांगणारा नसेल तर सभेत गप्प बसा. तुम्ही नवीन असाल तर नंतर निवांतपणे "मघाशी ते काय होतं?" असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

"प्रभू माझ्याशी बोलला" असं कोणी म्हणालं तर

या वाक्याने मी दोन्ही बाजूंचे लोक अडखळताना बघितलेत. नवीन माणसाला वाटतं यांना आवाज ऐकू येतात. बोलणाऱ्याला बहुतेक वेळा म्हणायचं असतं की बायबल वाचताना एक ओळ मनाला भिडली, किंवा प्रार्थना करताना एक विचार आला आणि तो जाईना. मग सरळ विचारा, "म्हणजे नक्की कसं झालं?" प्रेमाने विचारलेला हा प्रश्न कोणालाही खुपत नाही, उलट त्यातून खरी गोष्ट बाहेर येते, आणि ती त्या ठरलेल्या वाक्यापेक्षा कितीतरी छान असते. आणि तुम्ही स्वतः बोलणारे असाल तर आधीच तसं बोला. "गेल्या आठवड्यात स्तोत्र २३ वाचत होतो, तेव्हा वाटलं की आईला फोन करायलाच हवा." ऐकणाऱ्याला लगेच समजतं, आणि त्याला हे पण कळतं की असं त्याच्याबाबतीतही घडू शकतं.

या वाक्याची एक बाजू मात्र मला गंभीर वाटते. "प्रभूने मला सांगितलंय की तू या कामाला हो म्हण" असं म्हटलं की समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही, देवाला नाही कोण म्हणणार? म्हणून दुसऱ्याने काय करावं हे सांगताना हे वाक्य वापरू नका. "मला असं वाटतंय, तूही प्रार्थना करून बघ" म्हणा. खरंच देवाचं असेल तर तो त्या माणसाशीही बोलेल की.

दार उघडलं आणि दार बंद झालं असं चर्चमध्ये सारखं म्हणतात. त्यातलं उघडलेलं दार पौलाच्या पत्रांत आहे, १ करिंथ १६:९ मध्ये तो म्हणतो की मोठं दार उघडलंय आणि विरोधकही पुष्कळ आहेत. हा दुसरा भाग लोक विसरतात. अडचण आली म्हणजे दार बंद असा अर्थ पौलाने तरी काढला नाही. तेव्हा कोणी म्हणालं की नोकरीचं दार बंद झालं, तर विचारा, नकार आला की अर्जच केला नाही? दोन्हीत फार फरक आहे.

लोकर टाकणं म्हणजे देवाकडे खूण मागणं, शास्तेच्या सहाव्या अध्यायात गिदोनाने रात्री लोकर खळ्यावर ठेवली, एकदा लोकर ओली आणि जमीन कोरडी, दुसऱ्यांदा उलटं. पण ती गोष्ट नीट वाचली तर दिसतं की काय करायचं ते देवाने त्याला आधीच सांगितलं होतं, लोकर त्याच्या भीतीपोटी होती. देवाने तीही ऐकून घेतली हे मला फार लोभस वाटतं. म्हणून कोणी लोकर टाकली म्हणालं तर समजा की माणूस घाबरलाय, त्याच्याजवळ बसा.

ओझं आहे म्हणजे कटकट आहे असं नाही. "माझ्या मनावर तरुणांसाठी ओझं आहे" म्हणजे त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं आतून सारखं वाटतंय. संदेष्ट्यांच्या पुस्तकांत ओझं आणि देवाचा निरोप या दोन्हीला हिब्रूत एकच शब्द येतो, मस्सा. एवढं सांगितलं की पुरतं.

आणि माईक बंद पडला की "सैतान अडथळा आणतोय" असं लगेच म्हणू नका, आधी बॅटरी बदला. आत्मिक लढाई ही फार खरी आणि जड गोष्ट आहे, व्यसनाशी झगडणाऱ्या माणसाला, आशा सोडलेल्या बाईला विचारा. तो शब्द त्यांच्यासाठी राखून ठेवा.

मरणाबद्दल बोलताना

इथे सगळ्यात जास्त सांभाळायला लागतं. प्रभूमध्ये निजले, महिमेत गेले, पित्याच्या घरी गेले. हे शब्द सुंदर आहेत आणि त्यांच्यात आशा आहे, झोपलेला माणूस उठतो म्हणून. इंग्रजीत कबरस्तानाला जो सेमेटरी शब्द आहे तो पण ग्रीकमधल्या झोपायची जागा या शब्दावरूनच आलाय. पण फोनवर "काका काल रात्री प्रभूमध्ये निजले" असं ऐकून कोणी "बरं झालं, झोप लागली एकदाची" म्हणालं तर दोन्हीकडे केवढं अवघड होतं.

योहान ११ मध्ये अगदी हेच घडलंय. येशू म्हणतो, आपला मित्र लाजर झोपलाय. शिष्य म्हणतात, झोप लागली असेल तर बरा होईल. मग येशूने काय केलं? त्यांना उघडपणे सांगितलं, लाजर मेलाय. रूपक ऐकणाऱ्याला कळलं नाही तेव्हा त्याने ते धरून ठेवलं नाही, साधा शब्द वापरला. तेव्हा बातमी देताना आधी साधं सांगा, "काका गेले, काल रात्री अकरा वाजता", आणि लहान मुलांना तर "वारले" असंच सांगा, नाहीतर झोपायचं म्हटलं की ती घाबरतात. मग प्रभूमध्ये निजले म्हणा, तेव्हा त्या शब्दांचा आधार होतो.

जुन्यांनी आपली भाषा कशी तपासायची

१ करिंथ १४:१९ पाठ असू द्या. पौल म्हणतो, मंडळीत न कळणाऱ्या भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा मी समजतील असे पाच शब्द बोलणं पसंत करीन. विषय तिथे अन्य भाषांचा आहे, पण त्याच्या आधी तीनच ओव्या वर त्याने जो प्रश्न विचारलाय तो आपल्या रोजच्या बोलण्यालाही लागू पडतो, की ज्याला कळलंच नाही तो तुमच्या उपकारस्तुतीला आमेन कसा म्हणणार? नहेम्याच्या आठव्या अध्यायात नियमशास्त्र वाचलं तेव्हाही नुसतं वाचलं नाही, लेव्यांनी, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातल्या लोकांनी, अर्थ समजावून सांगितला, आणि लोक रडायला लागले ते समजल्यावर. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६२ ते १९६५, लोकांच्या भाषेत मिस्साचा मार्ग मोकळा केला तोही याच ओढीने.

शब्दांनी दार लागू पण शकतं. शास्ते १२ मध्ये गिलादाच्या लोकांनी यार्देन नदीच्या उतारावर पहारा बसवला आणि येणाऱ्याला एकच शब्द म्हणायला लावला, शिब्बोलेथ. एफ्राईमच्या माणसाला तो उच्चार जमेना, तो सिब्बोलेथ म्हणायचा आणि मारला जायचा, बायबल आकडा देतं ४२,००० चा. आपण कोणाला मारत नाही हे खरंय, पण योग्य शब्द येत नाहीत म्हणून माणूस शेवटच्या बाकावरून परस्पर निघून गेला असेल तर त्याचा विचार व्हायलाच हवा.

करायचं काय, तर मोठं काही नाही. जड शब्द आला की त्याच्या लगेच मागे साधं वाक्य जोडा. "पश्चात्ताप करा, म्हणजे वळा, ज्या रस्त्याने चाललाय तो सोडा." शब्द पण राहिला आणि अर्थ पण पोचला. येशू निकदेमाला म्हणाला की नव्याने जन्मायला हवं, तेव्हा असंच झालं, निकदेम शिकलेला माणूस, तरी म्हणाला की म्हातारा माणूस परत आईच्या पोटात कसा जाईल? येशूने त्याला घालवून दिलं नाही, वारा, पाणी, वाळवंटातला साप असं एकेक घेऊन समजावत बसला.

सूचना वाचणाऱ्यांनी तर हे आधी करावं, कारण सूचना नवीन माणूस सगळ्यात लक्ष देऊन ऐकतो. समजा कागदावर लिहिलंय, "शुक्रवारी सहभागितेसाठी सेल ग्रुप, ओझं असलेल्यांनी मध्यस्थीसाठी लवकर यावं." यातलं नवीन माणसाला फक्त शुक्रवार कळला. त्याऐवजी, "शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता आठ-दहा जण एका घरी जमतो, बायबलचा एक भाग वाचतो, गप्पा मारतो, एकमेकांसाठी प्रार्थना करतो. ज्यांना दुसऱ्यांसाठी जास्त वेळ प्रार्थना करायची आहे ते साडेसहाला येतात. पहिल्यांदा येत असाल तर दाराशी उभे आहेत त्यांना भेटा, पत्ता देतील." लांब झालं, होऊ दे.

माणसांना लावायचे शब्द मात्र सरळ कमी करा. जगिक, देहिक, कोमट, मागे पडलेला, म्हणजे याची श्रद्धा कच्ची आहे असं सांगणारे शिक्के. कोमट हा शब्द प्रकटीकरण ३ मध्ये येशूने लावदिकीयाच्या अख्ख्या मंडळीला वापरलाय, आणि त्याच पत्रात पुढे "मी दाराशी उभा आहे आणि ठोकत आहे" असंही म्हटलंय. आपण पहिला अर्धा भाग शेजाऱ्यावर वापरतो आणि दुसरा अर्धा भिंतीवर लावतो. कोणी तीन महिने आलं नाही तर तो मागे पडला नाही, तो तीन महिने आला नाही, एवढंच आपल्याला माहितीये, फोन करा.

"प्रार्थनेत आठवण ठेवा"

हे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वाक्य, आणि "हो, नक्की प्रार्थना करेन" हे त्याचं उत्तर. ते खरं करायचा एकच भरवशाचा मार्ग आहे, तिथेच उभ्याउभ्या करा, जिन्यात, पार्किंगमध्ये, फोनवर. अर्ध्या मिनिटाचं काम. नाही जमलं तर फोनमध्ये नाव लिहून ठेवा आणि पुढच्या आठवड्यात विचारा की काय झालं.

दुसऱ्याची प्रार्थना विनंती पुढे सांगताना जास्त जपा, कारण "जरा प्रार्थना करा हं, त्यांच्या घरी असं असं चाललंय" या एका वाक्यात चहाडी पण सहज बसते आणि ती चहाडी आहे हे सांगणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. आधी त्या माणसाला विचारा, "हे मी ग्रुपमध्ये सांगू का, आणि किती सांगू?" नाही म्हणाला तर विषय तिथेच संपला, तुम्ही एकट्याने प्रार्थना करा. हो म्हणाला तर आजाराचं नाव, पैशाचा आकडा, घरातलं भांडण यातलं काही न टाकता, त्याने सांगितलंय तेवढंच लिहा, आणि पाठवायच्या आधी तो मेसेज त्यालाच एकदा वाचायला द्या.